आधी विसावा, मग शिकवण : घरात नव्याने आलेल्या कुत्र्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार दिवसांपूर्वी आम्ही एका प्राणी-निवाऱ्यातून अंदाजे दीड वर्षाची देशी कुत्री घरी आणली आणि तिचे नाव चिंगी ठेवले. आल्यापासून ती जेवणाच्या टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसली आहे. दिवसा ती अन्नाला तोंड लावत नाही, मात्र रात्री सगळे निजल्यावर तिचे भांडे रिकामे होते. फिरायला नेण्यासाठी पट्टा अडकवला की ती अंग जमिनीला चिकटवून बसते आणि नंतर दिवाणखान्यातील गालिच्यावर लघवी करते. सासूबाईंचे म्हणणे असे की पहिल्या दिवसापासून धाक बसला पाहिजे. शेजारचे काका म्हणतात की लघवीत तिचे नाक घासा. आठ वर्षांच्या मुलाला तिला मिठी मारायची असते, तेव्हा ती बारीक आवाजात गुरगुरते. आमचे काही चुकले का आणि तिला शिकवायला केव्हापासून सुरुवात करावी?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही, आणि चिंगीचेही नाही. आपण लिहिलेल्या सगळ्या गोष्टी तिच्या स्वभावाच्या नसून भीतीच्या आहेत. तिच्या बाजूने विचार करून पाहा. गुळगुळीत फरशीवर ती कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच चालत असेल. कुकरची शिट्टी, मिक्सर, डोक्यावर फिरणारा पंखा आणि आपोआप उघडणारा लिफ्टचा दरवाजा यांपैकी कशाचाही अर्थ तिला ठाऊक नाही. ज्या कुत्र्यांच्या सोबतीने ती निवाऱ्यात राहत होती, त्यांचा वासही आता तिच्या आसपास नाही. अशा वेळी भिंतीला पाठ लावून बसणे हा तिने शोधलेला शहाणपणाचा मार्ग आहे. रात्री ती जेवते ही तर आनंदाची बातमी आहे, कारण घर शांत असताना तिला सुरक्षित वाटू लागले आहे, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून पहिले काम असे की टेबलाखालची ती जागा तिला देऊन टाका. तिथे एखादी जुनी गोधडी पसरा, पाण्याचे भांडे हाताच्या अंतरावर ठेवा आणि टेबलावर एखादी जुनी चादर अशी टाका की दोन बाजू झाकल्या जातील. घरातील सर्वांसाठी एकच कडक नियम करा : चिंगी त्या जागेत असताना तिच्याकडे कुणीही जायचे नाही, वाकून पाहायचे नाही आणि हात घालून बाहेर ओढायचे तर मुळीच नाही. ती बाहेर येईल तेव्हा आपल्या इच्छेने येईल. नवे कुत्रे रुळायला तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे टप्पे लागतात, असे प्राणिप्रेमी मंडळी सांगतात. तो एक ढोबळ अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. काही कुत्री आठवड्यात घरभर हिंडू लागतात, तर घरातील पुरुषांच्या हातून घास घ्यायला सहा महिने घेणारी कुत्रीही मी पाहिली आहेत. कुत्री पाहायला येणाऱ्या नातेवाइकांना मात्र निदान दोन आठवडे थांबायला सांगा.

मुलाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या पत्रातील सर्वांत महत्त्वाची बाब तीच आहे. आपल्यासाठी मिठी म्हणजे माया असते, पण अनोळखी कुत्र्यासाठी मिठी म्हणजे पळण्याची वाट बंद होणे. कुत्रे आपली अस्वस्थता आधी शांतपणे सांगते. ते झोप आलेली नसताना जांभई देते, समोर अन्न नसताना ओठ चाटते, मान वळवून दुसरीकडे पाहते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके बघते आणि अंग ताठ करते. हे सगळे सांगूनही कुणी ऐकले नाही की मग ते गुरगुरते. चिंगीने दिलेली ही सूचना आहे, आणि ती दिल्याबद्दल आपण तिचे आभारच मानायला हवेत. गुरगुरल्यावर कुत्र्याला रागावले किंवा मारले तर त्याची भीती जात नाही, फक्त सूचना देणे बंद होते, आणि ज्याची गुरगुर दडपली गेली आहे असे कुत्रे पुढे एके दिवशी काहीच न सांगता चावते. लहान मुलांना चावल्याच्या घटनांमध्ये पालक मला पुष्कळदा सांगतात की ते अचानक घडले. थोडी अधिक चौकशी केली की त्याआधीचे कित्येक दिवस कुत्रे काहीतरी सांगत होते, असे लक्षात येते.

तेव्हा मुलाला मिठीऐवजी एक मोठी जबाबदारी द्या. त्याने रोज संध्याकाळी दहा मिनिटे टेबलापासून पाच-सहा हातांवर, चिंगीकडे पाठ किंवा बाजू करून जमिनीवर बसावे, शाळेचा धडा हळू आवाजात वाचावा, आणि मधूनमधून तिच्याकडे न पाहता उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा तिच्या दिशेने टाकावा. जवळ बोलवायचे नाही आणि हातही पुढे करायचा नाही. आपण किंवा घरातील दुसरे मोठे माणूस त्या वेळी खोलीत हवेच. काही दिवसांनी ती तुकड्यासाठी एक पाऊल पुढे येईल, आणि ज्या दिवशी त्याचा गुडघा हुंगून परत जाईल, त्या दिवशी त्याने हलायचे नाही, एवढे त्याला आधीच समजावून ठेवा. आठ वर्षांच्या मुलांना हे उत्तम जमते. मोठ्यांना तितकासा धीर धरवत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता लघवीचा प्रश्न. नाक घासण्याचा उपाय कृपा करून करू नका. कुत्रे एखाद्या कृतीचा आणि तिच्या परिणामाचा संबंध जोडते तो दोन्हींमध्ये एक-दोन सेकंदांचेच अंतर असेल तर. दहा मिनिटांनी केलेल्या शिक्षेतून चिंगीला एवढेच कळेल की जमिनीवर ओल असताना माणूस जवळ आला तर आपले हाल होतात, आणि मग ती सोफ्यामागे जाऊन लघवी करू लागेल. शिवाय पट्टा धरून आपण शेजारी उभे असताना ती बाहेरही लघवी करणार नाही, कारण तिच्या समजुतीने माणसासमोर लघवी करणेच धोक्याचे ठरेल. घरी येताच गालिचावर लघवी करणारी कितीतरी कुत्री याच मार्गाने तशी झालेली असतात.

याऐवजी असे करा. गालिचा महिनाभर गुंडाळून ठेवा. पायाखालचा जो मऊ पृष्ठभाग कुत्र्याला ओळखीचा असतो तिथे ते जाते, आणि चिंगीचा जन्म बहुधा मातीवर गेलेला आहे, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर तिला गालिचाच जवळचा वाटला असणार. बाल्कनीत एका पसरट घमेल्यात किंवा ट्रेमध्ये खालच्या बागेतील माती आणि थोडे गवत घालून ठेवा, आणि जिथे लघवी झाली ती टिपलेल्या कागदाचा तुकडा त्या मातीवर ठेवा. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर आणि रात्री निजण्याआधी बाल्कनीचे दार उघडे ठेवून आपण दूर उभे राहा. मातीवर लघवी झाली की ती संपल्याक्षणी शांत शब्दांत कौतुक करा आणि चिकन-पनीरचा तुकडा टाका. घरात दुसरीकडे झाली तर काहीही न बोलता पुसून घ्या. फिनाइलने आपल्या नाकाला वास गेला असे वाटते, पण कुत्र्याच्या नाकाला तो जाणवत राहतो. अमोनिया असलेली द्रावणे तर लघवीच्याच वासाची आठवण देतात. प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण सर्वांत चांगले, आणि ते नसेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसावे. बाहेर जाण्याची सवय लागली की बाल्कनीतील माती हळूहळू काढून घेता येते.

पट्ट्याची सवय घरातच लावा. गळपट्ट्याला पट्टा अडकवून ओढण्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या. पहिले दोन दिवस तो फक्त तिच्या गोधडीजवळ पडू द्या. मग जेवणाच्या वेळी अंगावर चढवा आणि जेवण झाल्यावर काढा. त्यानंतर हलका पट्टा अडकवून तो घरात मोकळा ओढू द्या, पण आपले लक्ष असतानाच. पुढची पायरी म्हणजे दाराबाहेरचा जिना, तिथे दोन मिनिटे बसून परत यायचे. त्यापुढची पायरी म्हणजे इमारतीच्या आवारात पहाटे साडेपाचची वेळ, जेव्हा वाहने आणि माणसे कमी असतात. घाई करू नका. एका गोष्टीत मात्र कसूर होऊ देऊ नका : पहिले काही महिने पट्टा गळपट्टा आणि हार्नेस अशा दोन्हींना अडकवलेला असावा, आणि गळपट्ट्यावर आपला फोन नंबर कोरलेली पट्टी असावी. दत्तक आलेले कुत्रे घाबरून हार्नेसमधून मागे सरकत निसटणे आणि अनोळखी रस्त्यांवर हरवणे हा नव्या घरातील सर्वांत नेहमीचा अपघात आहे. दूधवाला किंवा कचरा नेणारी बाई दारात असताना चिंगी कुठे आहे, हे घरातील कुणाला तरी ठाऊक असलेच पाहिजे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या म्हणण्यातील अर्धा भाग अगदी बरोबर आहे. नियम पहिल्या दिवसापासूनच हवेत, कारण महिनाभर सोफ्यावर चढू दिले आणि मग एकाएकी मनाई केली तर ते कुत्र्याला कळत नाही. पण धाकाची गरज नाही. कुत्र्यावर हुकमत गाजवावी लागते, नाहीतर ते डोक्यावर बसते, ही समजूत जगभर पसरली तिच्या मुळाशी लांडग्यांचा एक अभ्यास आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून 1947 साली वरचढपणासाठी होणाऱ्या त्यांच्या भांडणांचे वर्णन केले. अमेरिकी लांडगा-संशोधक डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात तीच कल्पना पुढे नेली. पुढे त्यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक उन्हाळे अभ्यास केला आणि 1999 साली लिहिले की नैसर्गिक कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे एका कुंपणात कोंडले की ते भांडतात, त्यावरून आपण घरातील कुत्र्यांना कसे वागवावे हे ठरवत राहिलो, याची मला फार खंत वाटते, कारण त्यापायी असंख्य कुत्र्यांनी मार खाल्ला आहे.

शिकवायला केव्हा सुरुवात करावी, असे आपण विचारले आहे. ती आपोआप झालीच आहे. आपण दार कसे उघडता, भांडे कोणत्या वेळी ठेवता, तिच्याजवळून कसे चालता, या सगळ्यांतून ती या घरातील माणसे कशी आहेत ते शिकत आहे. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या वेळा हाच अभ्यासक्रम समजा. ती दिवसा तुमच्यासमोर खाऊ लागली की नाव शिकवा : ‘चिंगी’ म्हणायचे आणि तिचा कान किंवा डोळा आपल्याकडे वळला की लगेच तुकडा द्यायचा. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटे, याहून अधिक नको. मग ‘ये’ हा शब्द. तो फक्त चांगल्या गोष्टीसाठी वापरा. आंघोळ, औषध किंवा नखे कापणे यांसाठी ‘ये’ म्हणून बोलावले की तो शब्द खराब होतो, त्यासाठी स्वतः उठून तिच्याकडे जा. ‘बस’ आणि ‘थांब’ नंतर सहज येतात. मराठी शब्द वापरा की इंग्रजी हा प्रश्न गौण आहे, पण आजी ‘खाली बैस’ म्हणणार, बाबा ‘सिट’ म्हणणार आणि मुलगा ‘बस ना गं’ म्हणणार असेल, तर तिला तीन निरनिराळे आवाज ऐकू येतात. शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा. एकटे राहण्याचा सरावही याच काळात व्हावा. आधी दाराबाहेर एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, आणि जाता-येता निरोपाचा गाजावाजा नको.

पहिल्या पंधरवड्यात पशुवैद्यांकडे जाऊन या. रेबीजच्या लसीची नोंद, जंतांचे औषध आणि अंगावरील गोचीड या तीन गोष्टी पाहून घ्या. कानाचे टोक कापलेले असेल तर आपल्याकडे ती नसबंदी झाल्याची खूण असते, तरीही निवाऱ्यातून कागद मागून घ्या. तिने पूर्ण दोन दिवस काहीच खाल्ले नाही, हिरड्या पांढरट दिसल्या किंवा अंग तापले, तर तो बुजरेपणा मानून वाट पाहू नका. गोचीडताप आपल्या भागात बाराही महिने दिसतो, आणि लवकर उपचार झाले तर बरा होतो.

प्रश्न : आमच्याकडे दोन महिन्यांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू आले आहे. त्याला रात्री स्वयंपाकघरात ठेवतो तर ते रडून इमारत डोक्यावर घेते. दिवसा हातापायांना सतत चावते. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला बाहेर काढू नये असे सांगितले आहे, ते योग्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : परवापर्यंत ते पाच-सात भावंडांच्या अंगाच्या उबेत झोपत होते. आज अंधाऱ्या स्वयंपाकघरात एकटे आहे, म्हणून रडते. त्याची खोक्यातील किंवा पिंजऱ्यातील गादी आपल्या पलंगाशेजारी ठेवा आणि रडले तर हात खाली सोडून त्याला हुंगू द्या. याने ते लाडावत नाही, निश्चिंत होते. महिन्याभरात गादी हळूहळू दाराकडे आणि मग बाहेर सरकवता येते. मध्यरात्रीनंतर एकदा त्याला उचलून लघवीला न्यावे लागेल, कारण दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही.

लसीचा सल्ला अर्धा योग्य आहे. पार्व्हो हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंतचे डोस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस चुकवू नये. पण दुसरी बाजूही आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर येथे पिल्लांवर अनेक वर्षे संशोधन केले आणि 1965 साली ते प्रसिद्ध केले. पिल्लू जगाशी ओळख करून घेते तो काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा असतो, असे त्यातून दिसले. आपल्या पिल्लाकडे त्यातील जेमतेम महिना उरला आहे, आणि तो चार भिंतींत गेला तर छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, दाढीवाले आजोबा, सगळेच त्याला पुढे भीतिदायक वाटेल. तेव्हा त्याला जमिनीवर ठेवू नका, पण दाखवा सगळे. कडेवर किंवा पिशवीत घेऊन रोज पंधरा मिनिटे जा : भाजीबाजाराच्या कडेला, एसटी स्थानकाबाहेर, देवळाची घंटा ऐकू येईल अशा अंतरावर. ज्यांच्या कुत्र्याच्या लसी पूर्ण आहेत अशा मित्राच्या घरी नेता येईल. प्रत्येक नव्या गोष्टीसोबत एक घास द्या, आणि ते घाबरले तर जवळ नेण्याऐवजी मागे या.

चावण्याने घाबरू नका. त्याला अठ्ठावीस दुधाचे दात आहेत, ते चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास बेचाळीस पक्के दात येतात. दात लागला की खेळ तिथेच थांबवा, उठून उभे राहा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळा आणि हाताऐवजी गाठ मारलेला ओला कपडा किंवा थंड गाजर तोंडात द्या. तोंड आवळून धरले किंवा नाकावर मारले तर ते अधिक त्वेषाने चावते. संध्याकाळी त्याच्या अंगात येते तेव्हा ते बहुधा थकलेले असते. या वयाची पिल्ले दिवसातील अठरा तास झोपतात, आणि घरात सतत कुणीतरी उचलत राहिले तर ती झोप होत नाही.

नाशिककरांना मुद्दाम सांगायला हवे की द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. एखाद्या कुत्र्याला थोड्याने बाधते, दुसऱ्याला नाही, आणि ते आधी ओळखता येत नाही, त्यामुळे हंगामात घराच्या जमिनीवर घड ठेवू नका. चॉकलेट, कांदा आणि लसूणही टाळा.

प्रश्न : मळ्यावर राखणीसाठी तीन महिन्यांचा गडी कुत्रा आणला आहे. दिवसभर साखळीने बांधला आणि मिरची घातलेली भाकरी दिली की कुत्रा तिखट होतो, असे वडीलधारे सांगतात. तसे करावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करू नये. मिरचीने फक्त त्याच्या पोटात आग पडते. दिवसभर बांधलेले कुत्रे तिखट दिसते खरे, पण ते आपल्या मर्यादेत येणाऱ्या प्रत्येकावर धावते, मग तो चोर असो, दूध घ्यायला आलेला माणूस असो किंवा आपलाच नातू. आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे हीच राखण, आणि ते शिकायला त्याने घरची माणसे, गुरे आणि कोंबड्या जवळून पाहिलेल्या असाव्या लागतात. औदुंबर आणि नृसिंहवाडी आपल्यापासून दूर नाहीत. दत्तमूर्तीच्या पायाशी असलेले चार श्वान मोकळेच बसलेले असतात, याकडे वडीलधाऱ्यांचे लक्ष वेधावे. आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हाही आहे.

सावली आणि पाणी असलेले जाळीचे आवार करा. सकाळ-संध्याकाळ लांब दोरीवर त्याला बांधाबांधाने सोबत फिरवा, म्हणजे आपल्या शिवाराची हद्द त्याला पायांनी कळेल. गुरांजवळ शांत राहिला की घास द्या, कोंबडीमागे धावू लागला की दोरीने नुसते थांबवा आणि मागे फिरा. वर्षभराचा होईपर्यंत त्याच्याकडून राखणीची अपेक्षा धरू नका. मळ्यावर कोल्ही आणि भटकी कुत्री येतात, त्यामुळे रेबीजची लस याच आठवड्यात टोचून घ्या, पशुवैद्य सांगतील त्या तारखेला पुढचा डोस द्या, आणि खेळताना कुणाला त्याचा दात लागलाच तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.